सगळ्यात गार जागा

दहिसर,
गुरुवार, ८ मे २०२५

वसू,

टक्. दातावर चिंचोका आपटल्याचा तो आवाज आठवतो तुला? गावच्या शाळेत पहिली आणि चौथी एकाच खोलीत बसायची. गुरुजी टेबलावर रूळ आपटून ठेका धरायचे, सगळी पोरं सुरात कविता म्हणायची, आणि तू गालात चिंचोका घोळवत म्हणायचीस. कडवं संपून वर्ग थांबला की त्या शांततेत तुझा एकटीचा 'टक्' ऐकू यायचा. गुरुजी मान वर करायचे. तू इतकी भोळी दिसायचीस की छडी मला बसायची.

काल दुपारी तोच आवाज कानावर आला. फ्रीजचं दार उघडलं आणि दारातल्या काचेच्या बाटल्या एकमेकींना लागल्या. मी दार तसंच उघडं धरून उभा राहिलो, आणि मग हा कागद घेतला.

चौदा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडता बाजूला ठेवशील. ठेव. दहिसरहून मुलुंड असं काय लांब आहे, मी येऊही शकतो. पण तू दारातूनच परत पाठवशील. फोन केला तर आवाज ओळखून बंद करशील. पत्र निदान घरात राहतं.

तर त्या बाटल्या. त्या इन्शुलिनच्या आहेत, माझ्या नाहीत. माझी शुगर देवदयेने बरी आहे. नदीकडच्या वस्तीतल्या तीन बायका माझ्या फ्रीजमध्ये औषध ठेवतात. तुझी वहिनी गेल्यावर या फ्रीजमध्ये दूध आणि चार मिरच्या सोडून काही नसायचं. मालन एकदा पाणी मागायला आली, आतली रिकामी फळी बघितली आणि दुसऱ्या दिवशी डबी घेऊन हजर. "मास्तर, हय ठेवू?" मी कारखान्यात स्टोअरकीपर होतो, जन्मात कुणाला शिकवलं नाही, तरी या बायका मला मास्तर म्हणतात. कविता म्हणतो म्हणून असेल.

मालन आपल्या तिकडची, आचऱ्याजवळची. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, लग्नाकार्यात केटररकडे स्वयंपाकाला जाते, घरी फ्रीज नाही. शेवंती बीडकडची. नवरा बांधकामावर वॉचमन, दोघं पत्र्याच्या केबिनमध्ये राहतात. माणिकबाई माण तालुक्यातली, महापालिकेच्या झाडू खात्यातून निवृत्त. तिच्या घरी फ्रीज आहे, पण नातवंडं बर्फाच्या पाण्यासाठी दार सताड उघडं टाकतात.

दर गुरुवारी संध्याकाळी तिघी माझ्या गॅलरीत बसतात. शुगर बघायचं मशीन माणिकबाईचं. ज्याची त्याची सुई, ज्याची त्याची पट्टी, आणि आकडा मोठ्याने सांगायचा. लपवायचा नाही, हा त्यांचा कायदा. "दोनशे दोन! गेली गं माझी लिमिटेड बस, कुठंच थांबंना," असं शेवंती म्हणते. पट्टीला रक्त लागल्यापासून आकडा येईपर्यंत पाच सेकंद जातात. तेवढ्या वेळात कवितेची एक ओळ बरोबर बसते. म्हणून प्रत्येकीच्या बोटाला मी एक ओळ म्हणतो.

दुसरा कायदा प्रसादाचा. हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला कुणी हातावर पेढा ठेवला तर नाही म्हणता येत नाही. तो पदराच्या टोकाला गाठ मारून आणायचा आणि माझ्याकडच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा. शुक्रवारी तो डबा बालवाडीत जातो. गुरुवारी बायका आल्या की आधी गाठी सोडतात आणि मग बोटं पुढे करतात. तू बघायला हवंस.

गेल्या रविवारी केबलच्या कामासाठी दिवसभर वीज बंद राहणार अशी नोटीस लागली होती. शेवटी वीज गेलीच नाही. मालनची डबी मी जरा जास्त जपून ठेवली होती. असो.

उत्तराची वाट बघत नाही.

विद्याधर


दहिसर,
गुरुवार, २२ मे

वसू,

पाकीट परत आलं नाही, म्हणजे निदान घरात गेलं.

आज मन थाऱ्यावर नाही. मालनची शुगर वाढली आहे. वाढली म्हणजे किती? मागच्या गुरुवारी तीनशे दहा, आज तीनशे साठ. एरवी दीडशेच्या आसपास असायची. उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेने कापलं होतं, ती जखम ओलीच आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय, शुगर अशीच राहिली तर अंगठ्याचं काही खरं नाही.

वसू, अंगठा म्हटल्यावर तुला जे आठवलं, तेच मला आठवलं.

आजची बैठक वाईट झाली. माणिकबाईने मशीन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "लग्नसराई हाय. किती लाडू हाणलेस?"

"मिया एक कण खाल्लंय नाय."

"मग काय हवा खाऊन तीनशे साठ झाली व्हय? बुंदी पाडतीस, चव बघत असशील."

"चव दुसरी बाई बघता. माझ्या आवशीची शपथ."

शेवंती म्हणाली, "मालनताई, काहून खोटं बोलता? आपल्यात तरी नका बोलू. आम्ही काय सासू आहोत का?"

तिसरा कायदा मी तुला सांगितला नव्हता. सलग तीन गुरुवार आकडा चढला आणि कारण सांगितलं नाही, तर त्या बाईने चौथ्या गुरुवारी यायचं नाही. कठोर वाटतो, पण माणिकबाईची एक मैत्रीण असंच लपवत लपवत गेली, तेव्हापासूनचा आहे. मालनचे दोन गुरुवार झाले. पुढच्या गुरुवारी आकडा उतरला नाही तर ती या गॅलरीतून बाहेर. नवऱ्याला तिच्या आजाराची फिकीर नाही, मुलगा वसईला. या दोघी सुटल्या तर तिला सुई टोचून घ्यायची आठवण करणारंही कुणी नाही.

जाताना मालनने जिन्यात मला हळूच विचारलं, "मास्तर, बाटलीत कायतरी दह्याच्या कणीसारखां दिसता. असा असता?"

मी म्हटलं, "तळहातावर घोळवून घे, विरघळेल."

मी बैठकीत काही बोललो नाही. बायकांचं बोलणं, आपण मधे का पडावं. ओळी मात्र सगळ्या म्हटल्या. मालनच्या वेळी ओळ अर्ध्यावर अडकली. साठ वर्षांची पाठ ओळ.

विद्याधर


दहिसर,
शुक्रवार, ३० मे, सकाळी

वसू,

आधीच्या दोन पत्रांत मी तुझ्याशी लबाडी केली. आता नीट सांगतो.

वीज जाणार म्हणून मी घाबरलो. मे महिना, दिवसभर फ्रीज बंद, औषध नासणार. मला एकच शहाणपण माहीत होतं, ते आपल्या बंदरावरचं. मासळी टिकवायची तर बर्फात घाल. फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्या होत्या, मालननेच आणून दिलेल्या. उरलेल्या जागेत एकच डबी मावत होती. शेवंतीची आणि माणिकबाईची डबी दारातच राहू दिली, आणि मालनची फ्रीजरमध्ये घातली. आपल्या गावाकडची ना. म्हणून सगळ्यात गार जागा तिला.

वीज गेलीच नाही. मी दुपारभर गॅलरीत खुर्ची टाकून कुठली तरी कविता आठवत बसलो होतो, दुसरं कडवं काही केल्या सापडेना. सोमवारी सकाळी डबी काढली तेव्हा दोन्ही बाटल्या दगड झालेल्या. तळहातात धरून, मग खिडकीत ठेवून विरघळवल्या. परत पातळ झाल्या. मनाला सांगितलं, बर्फाचं पाणी होतं तसंच हे. आणि परत जागेवर ठेवून दिल्या.

काल बैठकीआधी मी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. हर्षद म्हणून मुलगा आहे तिथे, भला आहे. त्याला म्हटलं, सहज विचारतो हं. तो म्हणाला, "आजोबा, इन्शुलिन एकदा गोठलं की संपलं. नंतर पातळ होऊन उपयोग नाही, त्याचा काही भरवसा नाही. फेकून द्यायचं. कुणाचं गोठलं?"

मी म्हटलं, "कुणाचं नाही."

हे दुकानात. नंतर घरी येऊन बैठकीत बसलो, मालनचं बोट पुढे आलं, तीनशे ऐंशी आकडा आला, आणि माणिकबाई म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येऊ नगंस." मालनने पदर झटकून दाखवला, गाठ नव्हती. आणि अंगठ्यावर भार न देता एकेक पायरी उतरत गेली. तेव्हाही मी गप्प.

वसू, मी हे पहिल्यांदा करत नाहीये. म्हणून तुला लिहितोय.

आईच्या उशीखाली खाज्याची पुडी सापडली होती. शुगरमुळे तिच्या पायाचा अंगठा काढून दीड महिना झाला होता आणि जखम भरत नव्हती. तू सगळ्यांसमोर वहिनीला म्हणालीस, "सासू लवकर सुटावी म्हणून खायला घालतेस का?" तुझी वहिनी ओटा पुसत होती, ती पुसतच राहिली. ती पुडी मी आणली होती. दर शनिवारी दादरला उतरून आणायचो. आई खाजा तोंडात धरून डोळे मिटायची, आणि तिच्या तोंडावर आचऱ्याची जत्रा उतरायची. एक तुकडा, त्याने काय होतंय, असं मला वाटायचं. तुकड्याने काय झालं ते आपण बघितलं.

तेराव्याला तू वहिनीच्या हातचं पाणी न घेता निघून गेलीस. मी दारात उभा होतो. दोन शब्द बोललो असतो तर तू माझ्यावर रागावली असतीस आणि वहिनी सुटली असती. मी बोललो नाही.

तिला माहीत होतं. एकदाच, मेथी निवडताना, मान वर न करता म्हणाली, "वसूताईंना एकदा सांगा." मी म्हटलं, सांगतो. त्यानंतर ती दहा वर्षं जगली. पुन्हा तिने विचारलं नाही.

आता सांगितलं. उशीर झाला, तरी सांगितलं.

हे पाकीट आधी पेटीत टाकतो आणि तसाच पुढे मालनकडे जातो. उलट क्रमाने निघालो तर वाटेत कुठेतरी उभा राहून कविता आठवत बसेन. मी माझं मला ओळखतो.

विद्याधर


दहिसर,
गुरुवार, ५ जून

वसू,

सांगितलं.

त्या शुक्रवारी मालन घरी नव्हती. माणिकबाईच्या ओट्यावर तिघीही होत्या. मालन पायरीवर, बाकीच्या दोघी तिच्याकडे पाठ करून शेंगा सोलत. समजूत घालायला आली होती बिचारी. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, "मालनने लाडू खाल्ला नाही. तिची बाटली मी गोठवली."

माणिकबाई म्हणाली, "काय गोठवली?"

सगळं सांगितलं. फ्रीजर, खिडकी, हर्षद. सांगताना माझा आवाज चौथीत कविता विसरल्यावर व्हायचा तसा झाला होता. शेवंतीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मग तीच बोलली. "तीन आठवडे आम्ही हिला लाडवावरून बोललो. काल येऊ नको म्हणून सांगितलं. अन् तुम्ही आमच्या मधे बसून कविता म्हणत होतात?"

"हो."

"लई भारी मास्तर."

एवढंच म्हणाली, पण ते 'लई भारी' अजून टोचतंय.

मालन माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "माका एकच सांगा. तिघींच्या डब्यो होत्यो. माझीच कित्याक?"

"तू आपल्या गावाकडची. म्हटलं सगळ्यात गार जागा तुला द्यावी."

ती बघतच राहिली, आणि मग एकदम हसायला लागली. "अगे बाय माझे! ह्या गाववाल्यांच्या मायेन मिया मरान जातंय आता!" शेवंतीलाही हसू आलं, तिने ते पदरात दाबलं. हसता हसता मालनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. म्हणाली, "माका वाटूक लागलेला, मिया झोपेत उठान खातंय. घरातले डबे दोरीन बांधून ठेवले मिया. भात सोडलो. तरी आकडो चढता. म्हटलां, माझाच डोक्या फिरला."

हे मला माहीत नव्हतं, वसू. औषध मी बिघडवलं होतं, ते ठाऊक होतं. पण मी गप्प राहिलो म्हणून एक बाई स्वतःच्या घरातल्या डब्यांना दोरी बांधत होती.

माणिकबाई उठली. मला वाटलं, आता मला हाकलेल. ती आत गेली, तांब्यात कोमट पाणी आणि कापूस घेऊन आली, मालनच्या पायाशी खाली बसली आणि अंगठ्याची पट्टी सोडायला लागली. तिचे गुडघे धरलेले आहेत, ती कुणासाठी खाली बसत नाही. मान खाली घालूनच म्हणाली, "मी तुला लबाड म्हणाले. माझ्या तोंडाला काय कुलूप हाय? पाय इकडं कर."

"ऱ्हवांदे गो, मी करतंय."

"गप बस. बुंदी पाडायला चाललीस व्हय?"

त्याच दुपारी शेवंती मालनला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी नवीन बाटल्या दिल्या, अंगठा तपासला, आणि जुनी बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "हे कोणी केलं?" मालन म्हणाली, "फ्रीजान." माझं नाव घेतलं नाही.

संध्याकाळी तिघी येऊन आपापल्या डब्या घेऊन गेल्या. माणिकबाई म्हणाली, "मास्तर, माणूस तुमी वाईट न्हाई. पर औषध आता तुमच्याकडं नगं." मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, असं त्यांनी माणिकबाईच्या मोरीपाशी केलंय. आपल्या लहानपणी कुणी हे का सुचवलं नाही! आत खरंच गार असतं, मी हात घालून बघितला. हात घालू दिला, हेही खूप.

फ्रीज पुन्हा दूध आणि चार मिरच्या. पण मी आठ-आठ तास झोपतोय. दुपारी सुद्धा. आणि काल आंघोळ करताना ते दुसरं कडवं सापडलं, सगळंच्या सगळं, शेवटच्या ओळीसकट. मोरीत उभा राहून मोठ्याने म्हटलं. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

विद्याधर


दहिसर,
गुरुवार, १९ जून

वसू,

तुझं कार्ड मिळालं. चौदा वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही, 'ह' अजून पोट सुटल्यासारखा काढतेस. एकच ओळ लिहिली आहेस: 'वहिनीचा एक फोटो पाठव.'

माझ्याबद्दल एक शब्द नाही, तो मी मागतही नाही. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की कार्डाची घडी पडली. फोटो सोबत आहे. पेन्शनच्या फॉर्मसाठी काढलेला नाही पाठवत, त्यात ती रागावलेली दिसते. हा आपल्या गावच्या विहिरीजवळचा आहे. डोक्यावर पदर, हातात आंब्याची डहाळी, आणि कुणीतरी कॅमेऱ्यामागून हसवलं असावं. तू हसवलं होतंस बहुतेक. बघ आठवतंय का.

मालनची शुगर आज एकशे अठ्ठेचाळीस. अंगठ्याच्या जखमेवर खपली धरली आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगठा राहतो. माणिकबाईच्या ओट्यावर बैठक होती. मला बोलावणं आलं, "मास्तर, ओळ म्हणायला या, मशीन तुमच्याबिगर खोळंबतंय." आकडा आल्यावर मालनने ओट्यावरून हात वर केला, एखाद्या पोरीने पहिला नंबर आल्यावर करावा तसा. शेवंती म्हणाली, "बसा, बसा, अजून लिमिटेडच आहे, साधी बस व्हायचीय." मी चालत घरी आलो तेव्हा नदीच्या पुलावर उगाचच थांबलो. घाई कसलीच नव्हती.

तुझ्याकडे मुलुंडला कधी येऊ, असं विचारत नाही. तू म्हणशील तेव्हा. म्हणाली नाहीस तरी पत्र

कडी वाजते आहे. या वेळेला कुणी येत नाही. थांब, बघतो.

आलो.

दारात एक अनोळखी मुलगी होती, विशीतली, हातात नव्या लग्नाच्या हिरव्या बांगड्या. रुमालात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलेलं. धाप लागली होती.

"मास्तर तुम्हीच ना?"

"हो. तू कोण?"

"दिशा. जोगेश्वरीहून आलेय, म्हणजे माहेर तिकडलं, सासर इथे पुलापलीकडे." रुमाल सोडला. आत इन्शुलिनची डबी. "बारा वर्षांची असल्यापासून घेतेय. सासूबाईंना अजून सांगितलं नाही. ह्यांना माहितीये. रविवारी दोघं मिळून सांगणार आहोत, नक्की. तोवर घरच्या फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. मालनमावशी भेटल्या लग्नात, जेवणाच्या पंगतीमागे मी सुई घेताना त्यांनी बघितलं."

मी म्हटलं, "बाळ, त्यांचं मडकं आहे ना? माणिकबाईंकडे. तिथे ठेव. माझ्याकडे..." आणि पुढचं तिला सांगितलं. गोठवलं ते. गप्प बसलो ते. दारातच, सगळं. आता मला सांगायची सवय झाली आहे बहुतेक.

तिने ऐकून घेतलं, डबी मात्र परत गुंडाळली नाही.

"माहितीये. मावशींनी सांगितलं सगळं. मी पण त्यांना हेच म्हटलं, मडक्यात ठेवते. तर त्या म्हणाल्या, मडक्यापाशी दिवसभर बायका, तुझी सासू पण त्याच नळावर येते. मास्तरांकडे जा. ज्याचं एकदा चुकलं आणि त्याने तोंडाने सांगितलं, त्याच्याकडेच ठेव. बाकीच्यांचं अजून चुकायचं आहे."

मी बाजूला सरकलो आणि तिला आत घेतलं.